पेवात उतरण्याआधी

हरिपुरात पेव उघडायचं तर
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
आत वात तगली, तर माणूस उतरायचा.
विझली, तर तोंडाशी गप बसायचं,
विडीसुद्धा न पेटवता,
कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत.

मी शांतवन आवळे. सांगलीच्या यार्डात
एकतीस वर्षं हळद तोलली.
काटा खोटं बोलत नाही म्हणतात.
पारड्याखाली चिंचोक्याएवढं मेण लावा,
बोलतो.
मला विचारा.

पण आज ते नाही सांगायचं.

नऊ वर्षांचा होतो. बाप हमाल, मी त्याची भाकरी घेऊन आलेलो.
दुपारी अडतीवर सगळे पेंगत होते.
फुटक्या पोत्यातून ओंजळभर हळकुंडं उचलली.
घरी हळद होती. विकायला गिऱ्हाईक ठाऊक नव्हतं.
चावून बघितलं, दातच दुखला.
मग आयर्विन पुलावर गेलो
आणि एकेक करून कृष्णेत टाकली,
डुबुक, डुबुक,
कुठलंही वर आलं नाही.
घामानं मुठी पिवळ्या.
आई म्हणाली, "कुणाच्या लग्नाला गेलतास रं?"
नको असलेलं मी का घेतलं
ते एकसष्टाव्या वर्षीही सांगता येत नाही.
पण हात आठवतात.

पुढं सायकल हवी झाली. मिळाली, की लूना.
लूनाची किक अजून कडक होती तोवर
विश्रामबागेत गुंठाभर जागा दिसायला लागली झोपेत.
पेवात पोतं टाकावं
आणि धप्प आवाज खालून यावा, पण भरल्याचा नाही,
तसं चाललं.

मग सलोमी.
तिच्यावर मी सगळं वजन टाकलं,
वर ज्याच्यावर टाकायचं त्याचंही.
मिरजेच्या दवाखान्यात तिला ताप चढलेला,
आणि मी उशाशी विचारतोय,
"माझं कसं व्हायचं?"
ती म्हणाली, "अवं, जरा पाणी द्या."
एवढंच.
पाणी दिलं मी. पण उशिरा दिलं.

उपवासकाळातल्या एका शुक्रवारी पाळकसाहेब सांगत होते,
फार पूर्वी मिसरच्या वाळूत
झोपड्या करून राहिलेली माणसं होती, प्रार्थनेसाठी.
त्यांना भर दुपारी एक भूत छळायचं.
ऊन जागचं हलत नाही असं वाटायचं.
दारात येऊन बघायचे, कोणी येतंय का.
दुसऱ्या गावचं पाणी गोड असणार, असं वाटत राहायचं.
मागच्या बाकावर मला हसू आलं.
ओळखीचं निघालं.
यार्डात रोज दोनला येतं ते,
चहा मागवतं आणि पीत नाही.

आणि म्हणाले, ते जुने लोक मानायचे
की ओढ मुळात वाईट नसते,
तिची जागा चुकते.
पाळकसाहेबांना तोलाईतलं काही कळत नाही,
पण मला ते लगेच कळलं:
माल मापाच्या पारड्यात ठेवलाय कुणीतरी,
आणि माप मालाच्या.
हिशेब जुळतो.
घरी न्यायचं तेवढं चुकतं.

एक गोष्ट त्यांना विचारायची राहिली.
यार्ड बंद झाल्यावर मी पाहिलंय,
रिकामा काटासुद्धा हलतो.
दोन्ही पारड्यांत काही नसतं,
वारा असतो, थोडी पिवळी धूळ असते,
आणि जीभ थरथरत असते मधोमध.
त्याला काय म्हणतात?

दोन हजार पाचच्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
हळद कुजली. वास पावसाळाभर गेला नाही.
आता माल शीतगृहात जातो,
कंदील लागत नाही कुणाला.

मी मात्र सोडतो, रात्री, निजण्याआधी.
दोरी सरकत जाते हातातून,
ओळखीच्या गाठी एकेक करून.
काल तिसऱ्या गाठीशी विझला.
आज चौथ्या.

बसलोय तोंडाशी.
घाई कशाची आहे असं विचारलं, तर सांगता येत नाही,
पण आहे.